पिक्सेल गप्प झाला हे कळायला नऊ दिवस का लागतात?

प्रश्न थोडक्यात असा: वेबसाइटवर दोन जाहिरात प्लॅटफॉर्मचे पिक्सेल आहेत. (पिक्सेल म्हणजे पानावर काय घडलं ते प्लॅटफॉर्मला कळवणारा छोटा कोड; त्याने पाठवलेली प्रत्येक नोंद म्हणजे इव्हेंट.) डेव्हलपरने चेकआउटचं पान बदललं आणि त्यानंतर नऊ दिवस 'खरेदी' हा इव्हेंट गेलाच नाही. महिनाअखेरीचा रिपोर्ट करताना ते लक्षात आलं. रोज डॅशबोर्ड उघडून न बसता हे आपोआप कसं पकडायचं? आणि 'आज जरा कमी आहे' आणि 'तुटलंय' यांतला फरक ओळखायचा कसा?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. जाहिरात प्लॅटफॉर्म कन्व्हर्जनचा, म्हणजे जाहिरातीमुळे झालेल्या विक्रीचा, जो आकडा दाखवतो त्यावर अलर्ट लावू नका. तुमच्या स्वतःच्या ऑर्डर एका बाजूला आणि पिक्सेलने पाठवलेले इव्हेंट दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि अलर्ट लावा तो या दोन्हींच्या गुणोत्तरावर.

पेमेंट गेटवे बंद पडला तर पाच मिनिटांत ग्राहक ओरडायला लागतात. पिक्सेल बंद पडला तर कोणीच ओरडत नाही. ऑर्डर येत राहतात, पैसे जमा होतात, माल रवाना होतो. पण मधल्या काळात ऑटोमॅटिक बिडिंग (जाहिरातीची बोली आपोआप ठरवणारी प्लॅटफॉर्मची यंत्रणा) जागं असतं. ते कन्व्हर्जन बघून शिकतं. कालपर्यंत चालणाऱ्या जाहिरातीतून आज काहीच विक्री होत नाही असं त्याला दिसलं की ते बोली खाली आणतं. म्हणजे पिक्सेल नऊ दिवसांनी दुरुस्त झाला तरी बिडिंग सावरायला आणखी वेळ जातो. खरा खर्च तिथे होतो.

आता 'तुटणं' म्हणजे काय, ते नीट वेगळं करू, कारण इथे बहुतेक जण दोन आजारांना एकच औषध देतात. माणूस जाहिरातीवर क्लिक करतो तेव्हा पानाच्या वेबपत्त्याला एक क्लिक आयडी, म्हणजे त्या क्लिकचा ओळख क्रमांक, चिकटून येतो. गूगलचा जीक्लिड, मेटाचा एफबीक्लिड. पानावरचा टॅग, म्हणजे पिक्सेलचाच कोड, तो आयडी कुकीत ठेवतो. पुढे खरेदी झाली की धन्यवाद पानावरचा (ऑर्डर झाल्यावर दिसतं त्या पानावरचा) टॅग इव्हेंट पाठवतो, आणि प्लॅटफॉर्म तो इव्हेंट त्या क्लिकशी जोडतो. पहिला आजार म्हणजे इव्हेंट गेलाच नाही. दुसरा म्हणजे इव्हेंट गेला, पण क्लिकशी जोडला गेला नाही. जाहिरातीच्या रिपोर्टात दोन्ही सारखेच दिसतात, कन्व्हर्जन कमी. पण पहिल्याचं मूळ धन्यवाद पानाच्या आसपास असतं आणि दुसऱ्याचं पार पहिल्या पानावर. कोणीतरी मधे रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर आपोआप पाठवणं) घालतं, पत्त्यातलं प्रश्नचिन्हापुढचं शेपूट गळून पडतं, आणि क्लिक आयडी तिथेच संपतो. मग टीम दोन दिवस धन्यवाद पान तपासत बसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून मोजमाप दोन ठिकाणी हवं. एक, ऑर्डरमागे इव्हेंट गेला का. दोन, जाहिरातीवरून आलेल्या भेटींपैकी किती भेटींत पहिल्या पानावर क्लिक आयडी सापडला. दुसरा आकडा अगदी सोपा आहे. तुम्ही जाहिरातीच्या लिंकला लावलेले यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणाऱ्या खुणा) असतील आणि क्लिक आयडी नसेल, अशा भेटींचं प्रमाण रोज काढा. ते थोडंफार असणारच. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आयओएस १७ पासून सफारीच्या खाजगी ब्राउझिंगमध्ये, तसंच मेल आणि मेसेजेसमधून उघडलेल्या लिंकमधून असे आयडी काढून टाकायला सुरुवात केली. पण ते प्रमाण एका रात्रीत दुप्पट झालं तर दोष अ‍ॅपलचा नाही, तुमच्या रीडायरेक्टचा आहे. एक सूचना मात्र. रीडायरेक्ट कधीकधी यूटीएमही गिळतो. तेव्हा 'जाहिरातीवरून आलेल्या भेटी' हा आकडाच घसरतो, आणि तुमचं प्रमाण मात्र छान दिसत राहतं. म्हणून प्लॅटफॉर्मने सांगितलेले क्लिक आणि तुमच्याकडे नोंदलेल्या भेटी हेही शेजारी ठेवा.

प्लॅटफॉर्मच्या डॅशबोर्डवर अलर्ट का नको, ते सांगतो. गूगल अ‍ॅड्समध्ये 'कन्व्हर्जन' हा नेहमीचा रकाना विक्री क्लिकच्या तारखेला लिहितो, खरेदीच्या तारखेला नाही. सोमवारी क्लिक, शुक्रवारी खरेदी, तर नोंद सोमवारी. त्यामुळे कालचा आणि परवाचा आकडा नेहमीच अपुरा असतो आणि पुढचे कित्येक दिवस तो भरत जातो. म्हणजे सगळं ठीक चाललेलं असतानाही आलेख शेवटी खाली वाकलेलाच दिसतो. नव्या माणसाला दर सकाळी वाटतं की काहीतरी तुटलं. चार वेळा घाबरून झालं की पाचव्या वेळी तो बघत नाही, आणि नेमकं तेव्हाच खरोखर तुटलेलं असतं. खरेदीच्या वेळेनुसार मोजणारा वेगळा रकाना तिथे आहे; बघायचंच असेल तर तो बघा. त्यातही न दिसलेल्या कन्व्हर्जनच्या जागी अंदाजाने भरलेले आकडे मिसळलेले असतात. शिवाय जाहिरात खात्याचा टाइमझोन खातं उघडताना ठरतो आणि तो तुमच्या ऑर्डर डेटाबेसच्या टाइमझोनपेक्षा वेगळा निघू शकतो. मग 'कालची विक्री' दोन्हीकडे वेगळी, आणि भांडण कायमचं.

थोडक्यात, प्लॅटफॉर्मचा आकडा म्हणजे त्याने काढलेला निष्कर्ष. आपल्याला हवी आहे ती कच्ची नोंद, इव्हेंट सुटला की नाही सुटला. ती आपण आपल्याकडेच ठेवायची.

मी याला हजेरीपट म्हणतो. प्रत्येक ऑर्डर क्रमांकाची एक ओळ. रकाने असे: ऑर्डर सर्व्हरवर कधी झाली; धन्यवाद पान ब्राउझरमध्ये उघडलं का; पिक्सेलची स्क्रिप्ट खरोखर आली का; इव्हेंट पाठवायचा कॉल झाला का; त्यात रक्कम, चलन आणि इव्हेंट आयडी काय गेले; ट्रॅकिंगला दिलेल्या संमतीची स्थिती काय होती; ब्राउझर कोणता; पैसे कशाने भरले. पहिला आणि शेवटचा रकाना सर्व्हरकडे असतोच. बाकीचे भरायला धन्यवाद पानावरून तुमच्याच डोमेनवर एक छोटा निरोप पाठवायचा, ब्राउझरच्या सेंडबीकन पद्धतीने, म्हणजे माणसाने लगेच टॅब बंद केला तरी तो बहुधा पोचतो. सगळं मिळून चाळीस-पन्नास ओळींचं काम आहे.

यातला 'स्क्रिप्ट खरोखर आली का' हा रकाना भरताना एक गंमत लक्षात ठेवा. मेटा पिक्सेलचा जो मूळ कोड आपण पानात चिकटवतो, तो आधी एक तात्पुरतं फंक्शन तयार करतो. खरी स्क्रिप्ट येईपर्यंत तुमचे इव्हेंट ते रांगेत धरून ठेवतं. अ‍ॅडब्लॉकरने खरी स्क्रिप्ट अडवली, किंवा साइटच्या कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीत (कुठून स्क्रिप्ट घ्यायच्या त्या यादीत) तो पत्ता नव्हता, तर रांग तशीच राहते आणि एरर मात्र कुठेच येत नाही. 'फंक्शन आहे का' असं विचारलंत तर उत्तर हो. त्याहून मजेदार म्हणजे त्या तात्पुरत्या फंक्शनवर 'लोडेड' नावाची खूण असते, आणि ती मूळ कोडच आधी 'खरं' करून ठेवतो. मी स्वतः या खुणेवर विसंबून एक तपासणी लिहिली होती. ती कित्येक आठवडे हिरवी होती. हिरवीच असणार, ती दुसरं काही सांगूच शकत नव्हती! खरी स्क्रिप्ट आल्यावर त्या फंक्शनला 'कॉलमेथड' जोडलं जातं. ते आहे का, हे पान उघडल्यावर दोन-तीन सेकंदांनी बघा.

हजेरीपट तयार झाला की रोजचं, किंवा ऑर्डर भरपूर असतील तर तासाचं, गुणोत्तर निघतं: इव्हेंट गेलेल्या ऑर्डर भागिले एकूण ऑर्डर. हे कधीच शंभर टक्के नसतं आणि ते शंभर करायच्या मागेही लागू नका. ब्लॉकर असतात, ब्रेव्हसारखे ब्राउझर ट्रॅकर मुळातच अडवतात, काही माणसं संमती नाकारतात, काही जण पैसे भरून धन्यवाद पानावर परततच नाहीत. समजा तुमचं गुणोत्तर ८५ टक्के आहे. तर ८५ हेच तुमचं निरोगी माणसाचं तापमान. विक्रीचा आकडा सणासुदीला वर जातो, सवलत संपली की पडतो, पण गुणोत्तर जागचं फारसं हलत नाही, कारण अंश आणि छेद दोन्ही एकत्रच वरखाली होतात. अलर्ट त्यावर लावायचा तो याचसाठी. आकडा निम्मा झाला तर शंभर कारणं असू शकतात. गुणोत्तर निम्मं झालं तर कारण ट्रॅकिंगमध्येच आहे.

पण एकच सरासरी गुणोत्तर बघणं पुरत नाही, कारण पूर्ण तुटणं हे सगळ्यात दुर्मिळ आणि सगळ्यात सोपं. बहुतेक वेळा थोडंसंच तुटतं. एका कामात एकूण गुणोत्तर ८६ वरून ८१ वर आलं होतं. पाच टक्क्यांवर कोण लक्ष देतं? आम्हीही दिलं नाही. मग कोणीतरी तोच आकडा पैसे भरण्याच्या पद्धतीनुसार फोडला. एका पद्धतीचं गुणोत्तर ३० च्या आसपास पडलेलं होतं. बाकी सगळ्या जशाच्या तशा. पैसे भरायला त्या पद्धतीत दुसरं अ‍ॅप उघडायचं, आणि नव्या बदलानंतर ते अ‍ॅप माणसाला आपल्या साइटवर परत आणून सोडत नव्हतं. पैसे मिळत होते, ऑर्डर सर्व्हरवर बनत होती, धन्यवाद पान मात्र कोणी बघतच नव्हतं. त्या पद्धतीचा वाटा दहा टक्के होता, म्हणून सरासरीत ते पाच टक्क्यांपुरतंच दिसलं. पाणी कुठे मुरतंय ते फोडल्याशिवाय कळत नाही.

मी नेहमी चार अंगांनी फोडतो: ब्राउझर, मोबाइल की डेस्कटॉप, पैसे भरण्याची पद्धत, आणि साइटच्या कोडची आवृत्ती. चौथं अंग लोक विसरतात. चेकआउटच्या दोन आवृत्त्यांची चाचणी चालू असेल आणि पिक्सेल त्यातल्या एकीतच असेल, तर चाचणीचा निकालच खोटा लागतो. जिच्यात टॅग नाही ती आवृत्ती 'हरते'. मग चांगली आवृत्ती कचऱ्यात जाते, आणि का गेली ते कोणालाच कधी कळत नाही. याहून जास्त अंगांनी मात्र फोडू नका. तुकडे जितके बारीक कराल तितके खोटे अलर्ट वाढतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कमी झालं की तुटलं. इथे थोडं गणित लागतं, पण बोटांवर मावेल इतकंच. दिवसाला ४०० ऑर्डर आणि नेहमीचं गुणोत्तर ८५ टक्के असेल, तर निव्वळ योगायोगाने होणारं हेलकावणं साधारण १.८ टक्क्यांचं असतं. म्हणजे ८२ आलं तर बसा गप्प, ७९ आलं तर उठा. पण ऑर्डर ४० च असतील तर तेच हेलकावणं साडेपाच टक्क्यांच्या पुढे जातं. ७६ आलं तरी त्यात नवल नाही. एकच '१० टक्के घट' अशी मर्यादा सगळ्या साइटना लावणारी तयार साधनं इथेच फसतात. मोठ्या साइटवर ती उशिरा बोलतात आणि छोट्या साइटवर बडबड करतात.

फारच कमी ऑर्डर असतील तर गुणोत्तर सोडा आणि शांततेचा काळ मोजा. शेवटचा इव्हेंट येऊन किती वेळ झाला? एखाद्या काळात सरासरी ३ इव्हेंट यायला हवेत आणि एकही आला नाही, तर असं योगायोगाने होण्याची शक्यता ५ टक्के असते. म्हणजे ते दर काही दिवसांनी घडणारच. सरासरी ५ च्या काळात शून्य येण्याची शक्यता ०.७ टक्के. ७ च्या काळात हजारात एकाच्या आसपास. माझा ठोकताळा असा: जितक्या वेळात सरासरी ७ इव्हेंट येतात तितका वेळ पूर्ण शांतता असेल, तर माणसाला उठवायचं. दिवसाला ७० इव्हेंट असतील तर हा वेळ साधारण अडीच तासांचा, दिवसाला दोनच असतील तर साडेतीन दिवसांचा. फक्त रात्रीचे तास त्यात तसेच मोजू नका, नाहीतर रोज पहाटे चारला फोन वाजेल. तासातासाचा नेहमीचा वाटा धरून हिशेब करा.

तुलना कशाशी करायची? कालशी नको. मागच्या सहा आठवड्यांतल्या त्याच वाराशी करा, आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. सरासरी घेतली तर मागच्या महिन्यातला बिघाड तुमच्या 'नेहमीच्या' आकड्यात मुरून बसतो, आणि पुढचा बिघाड त्यामुळे सौम्य वाटतो.

इथवर आपण कमी मोजण्याबद्दल बोललो. जास्त मोजणं त्याहून वाईट, कारण त्याची तक्रार कोणी करत नाही. एका ठिकाणी ब्राउझर पिक्सेलच्या जोडीला सर्व्हरवरून इव्हेंट पाठवणं सुरू झालं. मेटाकडे त्याला कन्व्हर्जन्स एपीआय म्हणतात. एकच खरेदी दोन वाटांनी जाते, म्हणून इव्हेंटचं नाव आणि इव्हेंट आयडी दोन्हीकडून तंतोतंत सारखे असावे लागतात. मग प्लॅटफॉर्म दुसरी प्रत टाकून देतो. तिथे ब्राउझर नुसता ऑर्डर क्रमांक पाठवत होता, आणि सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याने त्याच क्रमांकाआधी एक उपसर्ग लावला होता. झालं. रिपोर्टात खरेदी जवळपास दुप्पट, जाहिरातीचा परतावा दुप्पट. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. बजेट वाढवायचं ठरलं. हिशेबाच्या माणसाने शांतपणे विचारलं की एवढी विक्री झाली तर बँकेत का दिसत नाही, तेव्हा कुठे घोडं पेंड कुठे खातंय ते कळलं. म्हणून अलर्ट दोन्ही बाजूंनी लावा. वेगळ्या इव्हेंट आयडींची संख्या एकूण ऑर्डरच्या १०० टक्क्यांच्या वर गेली, तर ती आनंदाची बातमी नाही.

दुहेरी मोजणीचं आणखी एक घरगुती कारण म्हणजे धन्यवाद पान पुन्हा उघडणं. लोक ऑर्डरची स्थिती बघायला मेलमधल्या लिंकवरून तिथे येतात; मोबाइलचा ब्राउझर दुसऱ्या दिवशी उघडला की जुने टॅब पुन्हा लोड करतो. हजेरीपटात हे लगेच उठून दिसतं. एकाच ऑर्डर क्रमांकाचे दोन इव्हेंट, मधे काही तासांचं अंतर. गूगल अ‍ॅड्समध्ये कन्व्हर्जनसोबत ट्रान्झॅक्शन आयडी पाठवलात तर तोच आयडी दुसऱ्यांदा मोजला जात नाही. तो पाठवा. शिवाय पान सर्व्हरकडूनच 'ही ऑर्डर आधी मोजली आहे' असं समजून घेईल अशी सोय करा.

रकमेचे घोटाळे वेगळेच. इव्हेंट गेला, गुणोत्तर नीट, पण आत काय गेलं ते कोणी बघत नाही. मी पाहिलेलं सगळ्यात निरागस प्रकरण म्हणजे हजाराचा स्वल्पविराम. पानावर रक्कम '१२,४५०' अशी छापलेली, टॅग तीच उचलतो, आणि जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट स्वल्पविरामाशी थांबून १२ परत करतं. हजाराच्या आतल्या ऑर्डर बरोबर, त्यावरच्या सगळ्या भुईसपाट. दुसरं नेहमीचं प्रकरण म्हणजे चलनाच्या सगळ्यात लहान एककात रक्कम जाणं. मग सगळं शंभर पटीने फुगतं. तिसरं, चलनाचा कोडच गायब. तपासणी सोपी आहे. हजेरीपटात पिक्सेलची रक्कम आणि ऑर्डरची रक्कम यांचं गुणोत्तर ओळीओळीने काढा आणि मध्यक बघा. तो १ च्या आसपास हवा. कर किंवा पाठवणीचा खर्च तुम्ही मुद्दाम वगळत असाल तर त्या हिशेबाने थोडा कमी. मध्यक ठीक आणि काही ओळींत रक्कम साधारण हजाराव्या भागाइतकीच, असं दिसलं की समजा स्वल्पविरामच.

संमतीच्या पट्टीवर, म्हणजे ट्रॅकिंगची परवानगी मागणाऱ्या पट्टीवर, एक तपासणी वेगळी ठेवा. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या वापरकर्त्यांसाठी गूगलने मार्च २०२४ पासून कन्सेंट मोडच्या (टॅगना संमती कळवणाऱ्या सोयीच्या) दुसऱ्या आवृत्तीचे संकेत मागायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून पट्टीचा एक चुकीचा डीफॉल्ट सगळं ट्रॅकिंग झोपवू शकतो. पट्टीचं साधन अपडेट होतं, बटणाचं नाव बदलतं, आणि 'हो' म्हणणाऱ्यांची नोंदही 'नाही' अशी जाते. संमती देणाऱ्यांचं रोजचं प्रमाण हजेरीपटातूनच काढा. ते अचानक पडलं तर लोकांचं मन बदललेलं नसतं, पट्टी बदललेली असते. उलट दिशेनेही बघा. संमती नाकारली असताना इव्हेंट जात असेल तर तो कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो मार्केटिंगच्या प्रश्नाहून मोठा.

सर्व्हरवरून जाणाऱ्या इव्हेंटना ब्लॉकरची भीती नाही, पण त्यांची स्वतःची दुखणी आहेत. ॲक्सेस टोकन (इव्हेंट पाठवायच्या परवानगीची किल्ली) रद्द होतं, रांग अडकते, विनंती परत येते. प्रत्येक विनंतीला आलेलं उत्तर साठवा. किती इव्हेंट मिळाले ते मेटा उत्तरात सांगतो. तुम्ही पाठवलेले आणि त्याने स्वीकारलेले यांची वजाबाकी शून्य नसेल तर लगेच कळायला हवं. हा अलर्ट लिहायला अर्धा तास लागतो, तरी बहुतेकांकडे तो नसतो.

रोबोट ग्राहकाबद्दल लोक नेहमी विचारतात: प्लेराइटसारख्या, ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनाने दर तासाला खोटी खरेदी करून इव्हेंट जातो का ते बघावं का? बघावं. तुमचे नऊ दिवस त्याने पहिल्याच तासात पकडले असते. नेटवर्कवरून गेलेली विनंती पकडून तिच्यातली इव्हेंटची नावं आणि रक्कम तपासता येते. पण त्याचा ब्राउझर एकच, पैसे भरण्याची पद्धत एकच, संमती कायम 'हो'. वर सांगितलेलं दुसऱ्या अ‍ॅपचं प्रकरण त्याला जन्मात दिसलं नसतं. शिवाय त्याच्या ऑर्डर खऱ्या पिक्सेलमध्ये मिसळल्या तर तुमचं बिडिंग रोबोटकडून शिकायला लागतं. म्हणून विनंती पकडा, तपासा आणि तिथेच अडवा. पुढे जाऊ देऊ नका.

अलर्ट वाजला की पहिला प्रश्न एकच: शेवटचा बदल कोणी, कधी केला? साइटचं रिलीज, टॅग मॅनेजरमधली (टॅग सांभाळायच्या साधनातली) नवी आवृत्ती, संमती पट्टीचं अपडेट, पेमेंटचा नवा पर्याय, या सगळ्यांच्या तारखा गुणोत्तराच्या आलेखावर उभ्या रेघांनी काढून ठेवा. माझ्या अनुभवात दहातले आठ बिघाड अशा एखाद्या रेघेला चिकटूनच सुरू होतात. टॅग मॅनेजर तर खास संशयित, कारण तिथे डेव्हलपरच्या नजरेखालून न जाता थेट साइटवर बदल करता येतो. धन्यवाद पानाच्या पत्त्यावर बेतलेला ट्रिगर (टॅग कधी चालवायचा तो नियम) आणि पत्ताच बदललेला, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तेच बघतो. तुमच्या चेकआउटच्या वर्णनावरून मला तुमच्याकडेही तेच वाटतंय.

आणि बिघाड सापडल्यावर? घाईने बजेट आणि लक्ष्यं हलवू नका. आधी गळती बंद करा, मग मागचं भरून काढता येतं का बघा. मेटाला सर्व्हरवरून वेबसाइटचे इव्हेंट सात दिवस मागचेच पाठवता येतात, म्हणजे नवव्या दिवशी कळलं तर पहिले दोन दिवस गेलेच. गूगलकडे क्लिक आयडी साठवलेला असेल तर क्लिकनंतर ९० दिवसांपर्यंत कन्व्हर्जन अपलोड करता येतं. म्हणून ऑर्डरच्या नोंदीत क्लिक आयडीचा रकाना आजच घाला, बिघाड असो वा नसो. जे भरून निघत नाही त्यासाठी गूगल अ‍ॅड्समध्ये डेटा एक्सक्लूजन आहे. ते दिवस शिकताना धरू नकोस असं त्यातून बिडिंगला सांगता येतं. तिथे एक खोच आहे. त्या तारखा क्लिकच्या असतात. तुमचा ग्राहक क्लिकनंतर सरासरी तीन दिवसांनी विकत घेत असेल, तर बिघाडाच्या आधीच्या तीन दिवसांचे क्लिकही अपुरेच मोजले गेलेले असतात. तेही त्या वगळणीत घ्या. आणि हे साधन जपून वापरा. दर आठवड्याला तारखा वगळल्या तर बिडिंगला शिकायला काही उरत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर हजेरीपटाचा कोड लिहायच्याही आधी मागच्या ६० दिवसांच्या ऑर्डर क्रमांकांची यादी काढा. अ‍ॅनालिटिक्सकडून त्याच काळातल्या ट्रान्झॅक्शन आयडींची यादी घ्या. गेल्या दोन दिवसांचे आकडे सोडा, जीए४ मध्ये (गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये) डेटा पूर्ण यायला २४ ते ४८ तास लागू शकतात. दोन्ही याद्या स्प्रेडशीटमध्ये शेजारी टाका आणि दिवसागणिक जुळलेल्या ऑर्डरची टक्केवारी काढा. अ‍ॅनालिटिक्सचा टॅग जाहिरातीच्या पिक्सेलसारखाच त्याच ट्रिगरवर चालत असेल, तर तुमचे नऊ दिवस त्या आलेखात खड्ड्यासारखे दिसतील. त्या खड्ड्याच्या अलीकडे-पलीकडे आणखी एखादी उथळ खळगी दिसते का तेही बघा. दिसली तर तिची तारीख आणि त्या दिवशी साइटवर काय बदललं ते लिहून पाठवा, पुढचं तिथून बोलू.